दुसरी वही

2025 च्या नोव्हेंबरात, नगरपालिका निवडणुकीचे अर्ज भरायला चार दिवस उरले असताना, तिघं जण माझ्या ऑफिसात आले. एरवी चपला घालून थेट टेबलापर्यंत येणारी माणसं. त्या दिवशी चपला दाराबाहेर काढल्या. चहा नको म्हणाले. मग त्यांच्यातला वडीलधारा होता तो म्हणाला, "वहिनींचा खर्च तुम्हीच लिहायचा. या कामात तुमचा हात बसलाय." वहिनी म्हणजे या वेळच्या नगराध्यक्षपदाच्या उमेदवार.

हात बसलाय हे खरं आहे. तालुक्याच्या गावी हिशोब लिहिणं हे माझं काम. दुकानदारांचा जीएसटी, दोन पतसंस्थांची दप्तरं, एका देवस्थानचा ताळेबंद, असं वर्षभर चालू असतं. 2016 साली मी नगराध्यक्षपदाच्या एका उमेदवाराचा निवडणूक खर्च लिहिला. तेव्हा माझ्याकडे दोन वह्या होत्या. पहिली निवडणूक कार्यालयात जमा झाली. दुसरी, शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची, माझ्या कपाटात राहिली. नऊ वर्षं ती मी कुणाला दाखवली नाही. आज तिच्याबद्दल लिहितोय. गावाचं आणि पक्षाचं नाव लिहीत नाही, कारण यातली माणसं अजून रोज समोर येतात. आणि ज्यांचं सगळ्यात जास्त नुकसान झालं, त्यांना विचारून लिहितोय.

आमची नगरपरिषद क वर्गाची, म्हणजे चाळीस हजारांच्या आतलं गाव. नगराध्यक्ष कुणी निवडायचा, हे आपल्या राज्यात दर काही वर्षांनी बदलत आलंय. 2001 ला थेट जनतेतून, 2006 ला पुन्हा नगरसेवकांमधून, 2016 ला परत थेट, 2020 ला रद्द, 2022 ला पुन्हा थेट. वाचताना ही कायद्याची कलमं वाटतात. गावात मात्र यावरून पैशाची वाट ठरते. नगरसेवकांनी नगराध्यक्ष निवडायचा असला की पैसा निकालानंतर लागतो. नगरसेवकांना सहलीला न्यायचं, सांभाळायचं, मतदानाच्या सकाळी थेट सभागृहात उतरवायचं. थेट निवडणुकीत तो आधी लागतो आणि एकाच माणसाला लागतो. नगराध्यक्षाचा उमेदवार हा अख्ख्या पॅनलचा कर्ता. तेव्हा आमच्याकडे सतरा नगरसेवक होते. त्यातले पाच-सहा उमेदवार आपलं आपण भागवणारे. बाकीच्यांची पत्रकं, स्पीकरची रिक्षा, बूथ, पोरांची जेवणं, पेट्रोलच्या चिठ्ठ्या, हे सगळं नगराध्यक्षाच्या उमेदवाराने उचलायचं. त्यामुळे तिकिटाच्या मुलाखतीत काम, जात, प्रभाग सगळं विचारून झालं की शेवटचा प्रश्न येतो, "किती लावणार?"

2016 ला आमच्या पक्षातून दोघं इच्छुक होते. अण्णांचं खताचं दुकान. सव्वीस वर्षं त्यांनी पक्षाचा झेंडा धरला होता, सत्ता नव्हती त्या वर्षांतही. दुसरे शेठ, प्लॉटिंगच्या धंद्यातले, दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या पक्षातून आलेले आणि आल्याआल्या शहराध्यक्ष झालेले. मुलाखतीला मी अण्णांबरोबर गेलो होतो. "किती लावणार" या प्रश्नावर अण्णा म्हणाले, "माझ्या नावावर मतं आहेत, ती लावतो." समोरच्यांनी मान डोलावली आणि कागदावर काहीच लिहिलं नाही.

तरी तिकीट अण्णांना मिळालं. जिल्ह्याच्या नेत्याने तोड काढली की उमेदवार अण्णा, पण खर्चाची सूत्रं शहराध्यक्षांकडे. वरून जी रसद येईल ती शेठच्या हातून प्रभागात जाईल. आम्हाला वाटलं, मिटलं. पुढचं सगळं भांडण त्या एका वाक्यातून निघालं. ते वाक्य तोंडी होतं. कुणाची सही नाही, आकडा नाही.

आमचं मतदान 27 नोव्हेंबरला. 8 नोव्हेंबरच्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद झाल्या. मतदानाला एकोणीस दिवस राहिले होते. त्या दिवसांत नगरपालिकेच्या वसुली खिडकीवर कधी नव्हे एवढी रांग लागली, कारण जुन्या नोटा घरपट्टी-पाणीपट्टीला चालत होत्या; वर्षानुवर्षं थकवलेली माणसं पावत्या फाडून घेत होती. आणि त्याच गावात प्रचाराला सुट्टे पैसे मिळेनात. बँकेतून आठवड्याला काढता येणारी रक्कम एखाद्या घराला पुरेल एवढीच. मग सगळं उधारीवर चालू झालं. वडेवाला उधार, छापखाना उधार, रिक्षावाले उधार, मंडप उधार. "नोटा आल्या की देतो," हे तेव्हा खोटंही वाटत नव्हतं. सगळं गावच एकमेकांना हे सांगत होतं.

मंडपवाले काका आमच्या गल्लीतले. लग्न, बारसं, दहावं, सगळ्यांच्या दारात त्यांचाच मंडप. त्या दिवाळीत त्यांनी पतसंस्थेचं साठ हजारांचं कर्ज काढून नव्या कनाती आणि शंभर खुर्च्या घेतल्या होत्या. निवडणूक आणि पाठोपाठ लग्नसराई, असा त्यांचा हिशोब. अण्णांच्या तेवीस कोपरा सभांना त्यांनी मंडप घातला. संध्याकाळी सहाला उभा, रात्री अकराला मोडून टेम्पोत, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पेठेत. दहा हजार आगाऊ मिळाले होते. मी रोज रात्री निळ्या वहीत लिहीत होतो. तारीख, पेठ, खांब, कनाती, खुर्च्या, सतरंज्या, टेम्पोच्या खेपा.

आणि तीच सभा मी पहिल्या वहीत लिहीत नव्हतो.

खर्चाला मर्यादा असते, हे सगळ्यांना माहीत आहे. 2025 च्या निवडणुकीला ती वाढवली. अ वर्गात थेट नगराध्यक्षासाठी 15 लाख, ब वर्गात 11 लाख 25 हजार, क वर्गात साडेसात लाख, नगरपंचायतीत 6 लाख. 2016 ला ती याहून कमी होती. चहा, वडापाव, खुर्ची, मंडप, जीप, प्रत्येक गोष्टीचं दरपत्रक असतं. उमेदवाराने स्वतंत्र बँक खातं काढायचं, रोजच्या रोज खर्च लिहायचा, निकालापासून तीस दिवसांत संपूर्ण हिशोब शपथेवर द्यायचा. दिला नाही तर अपात्र ठरण्याची टांगती तलवार. नियम वाचले तर चांगले आहेत, मी ते मनापासून म्हणतो. ज्याने ते लिहिले त्याला एक चहासुद्धा सुटू द्यायचा नव्हता. पण तेवीस सभा खऱ्या लिहिल्या तर पॅनलचा बोजा धरून अण्णा कधीच मर्यादेच्या बाहेर गेले असते. म्हणून पहिल्या वहीत सभा सहा. उरलेल्या सतरा सभा गावाने पाहिल्या, ऐकल्या. कागदावर त्या झाल्याच नाहीत.

28 तारखेला मोजणी. अण्णा 212 मतांनी पडले. पॅनलचे सतरापैकी नऊ नगरसेवक आले, म्हणजे सभागृहात बहुमत आमचं आणि खुर्चीत नगराध्यक्ष दुसऱ्यांचा. थेट निवडणुकीत हे होतं.

का पडले, ते मोजणीच्या टेबलावरच दिसलं. नगरपालिकेला एकाच मतदाराने सहसा दोन नगरसेवकांना आणि एक नगराध्यक्षाला, अशी तीन मतं द्यायची असतात. त्यामुळे एकाच केंद्राचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की आत काय घडलं ते उघडं पडतं. मी फेऱ्यांचे कागद लिहीत होतो. शेठच्या ताब्यातल्या दोन प्रभागांत, एका केंद्रावर आमच्या नगरसेवकाला 611 मतं आणि त्याच केंद्रावर अण्णांना 342. पुढच्या केंद्रावर 574 आणि 329. मत कुणाचं ते गुप्त असतं, पण एवढ्या माणसांनी एका सकाळी आपण होऊन सारखाच विचार केला असं कुणी म्हणू शकत नाही. अण्णा माझ्या खांद्यावरून वाचत होते. त्यांनी बोट त्या 342 वर ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. आपल्या पक्षातल्या माणसांनी आपल्याला पाडलं हे त्यांना कुणी सांगायची गरज उरली नव्हती.

दहा दिवसांनी पक्षाच्या कार्यालयात बैठक झाली. विषय थकलेल्या बिलांचा. अण्णा म्हणाले, वरून आलेले पैसे कुठे गेले? शेठ म्हणाले, बूथला वाटले. यादी द्या. यादी ठेवत नसतात. मग किती आले ते तरी सांगा. जेवढे आले तेवढे वाटले. मग शेठ उठून म्हणाले, "बिलं उमेदवाराच्या नावावर आहेत. पक्षाचा काय संबंध?" त्यावर कुणीतरी खुर्ची आपटली. जिल्ह्याहून आलेले निरीक्षक तेवढ्यात फोन घ्यायला बाहेर गेले ते परत आलेच नाहीत.

माझ्या पिशवीत निळी वही होती. कुणाचं किती येणं, कुठल्या तारखेचं, सगळं तिच्यात होतं. मी ती बाहेर काढली नाही. काढायची तर पहिली वही खोटी आहे हे मान्य करावं लागणार होतं. अण्णांना शेठविरुद्ध तक्रार करायची तर आधी स्वतःचं शपथपत्र खोटं म्हणावं लागलं असतं. शेठना अण्णांविरुद्ध बोलायचं तर वरून आलेल्या रोखीचा उगम सांगावा लागला असता. दोघांचाही पाय एकाच खोट्यात अडकला होता, आणि ते खोटं माझ्या अक्षरात होतं. पोलिसांत जायची सोय नाही, कोर्टात नाही, आयोगाकडे तर नाहीच. ज्यांच्या बिलांचा विषय होता त्यांना त्या बैठकीला कुणी बोलावलंच नव्हतं.

तीस दिवस भरत आले तेव्हा पावत्या जमवायच्या होत्या. रविवारी दुपारी काका अण्णांच्या दुकानात आले. मी पावती लिहून तयार ठेवली होती. "मंडप, कनात, खुर्च्या यांचे भाडे एकूण रुपये 14,200 मिळाले. आता काही येणे बाकी नाही." काकांनी ती वाचली. त्यांचं खरं बिल 96,800 चं होतं. ते म्हणाले, "आणि बाकीचं?"

अण्णा म्हणाले, "काका, ही नुसती सरकारला दाखवायची. तुमचं वहीत आहे की."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पावती खताच्या पोत्यावर सपाट ठेवली आणि सावकाश सही केली. सहीखाली रेघ मारली, ते नेहमी मारतात तशी.

अण्णांना मी वाईट म्हणणार नाही. त्यांनी गावाबाहेरची अकरा गुंठे जमीन विकून बरीच देणी फेडली. पण आधी पैसे गेले ते दारात येऊन ओरडणाऱ्यांना. छापखान्याचा मालक दुकानासमोर रिक्षा लावून बसला, त्याचे गेले. ढाब्यावाल्याने चार पोरं पाठवली, त्याचे गेले. काका दर पौर्णिमेला येऊन, पाणी पिऊन, "बघा जमलं तर" म्हणून जायचे. पुढे जमीनही संपली. एकदा ते शेठकडे गेले, तर शेठच्या माणसाने निवडणूक कार्यालयातून काढलेली पावतीची प्रत त्यांच्यापुढे धरली. "सही तुमचीच ना? काही येणे बाकी नाही, असं लिहिलंय."

अण्णा 2021 ला गेले. 86,800 तसेच राहिले.

पतसंस्थेचं दप्तर माझ्याकडेच असल्यामुळे पुढचं मला दर मार्चला दिसत राहिलं. काकांचं साठ हजारांचं कर्ज. व्याज भरायचं, मुद्दल फिरवायचं, कागदोपत्री नवं-जुनं करायचं. मार्च एंडच्या गर्दीत त्यांची फाइल हातात आली की मी ती लवकर पुढे ढकलायचो. दरवर्षी एक पान. एका पानावर तर जामीनदार बदललेला दिसला, आधीच्या जामीनदाराने नाव काढून घेतलं होतं. घरातल्या माणसांशी बोलावं तेवढं मी काकांशी बोलत होतो, आणि हे सोडून सगळं बोलत होतो.

मुदत संपल्यावर चार वर्षं गावात निवडणूकच झाली नाही. ओबीसी आरक्षणाच्या वादात प्रशासक बसले, ते बसलेच. सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 ला आदेश दिल्यावर गाडी हलली. 6 ऑक्टोबरला मंत्रालयात नगराध्यक्षपदाची सोडत निघाली आणि आमचं गाव सर्वसाधारण महिलेसाठी गेलं. त्या संध्याकाळी चौकात लागलेल्या पहिल्या फ्लेक्सवर शेठचा फोटो त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे वहिनींच्या, फोटोच्या दुप्पट होता. वहिनी शिकलेल्या आहेत, बचत गटाचा हिशोब त्या स्वतः ठेवतात. मला त्यांचं वाईट वाटलं.

त्या निवडणुकीच्या काळात राज्यभरातून जे ऐकू येत होतं ते सगळं मला आमच्याच गावचं वाटत होतं. मालवणात शिंदे यांच्या शिवसेनेचे आमदार निलेश राणे, सत्तेतल्याच मित्रपक्षाच्या, म्हणजे भाजपच्या कार्यकर्त्याच्या घरी गेले आणि तिथली रोकड कॅमेऱ्यावर दाखवून मतदारांना वाटायचे पैसे असल्याचा आरोप केला; भाजपने तो फेटाळला. पुढे महापालिकांच्या वेळी पुण्यात तर एका उमेदवाराने आपल्याच पक्षाच्या दुसऱ्या उमेदवाराचा एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या तिकिटाचा कागद, फाडून गिळल्याचा आरोप झाला. लोक हसले. मला हसू आलं नाही. त्या एका कागदासाठी कुणीतरी कर्ज काढलेलं असतं, वर्षानुवर्षं सतरंज्या उचललेल्या असतात. 2024 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले तेव्हा आमच्याकडेही चर्चा झाली होती, की आता पक्षांना कोण किती देतं ते कळेल. गावच्या निवडणुकीत पैसा रोख्यांनी येत नाही. तो पिशवीतून येतो आणि पिशवी कुणी कुणाच्या हातात दिली हे दोघांनाच माहीत असतं.

तर ते तिघं माझ्यासमोर बसले होते. मी म्हणालो, लिहितो. पण एकच वही लिहीन. जेवढ्या सभा तेवढ्या नोंदी. आणि त्याआधी मंडपवाल्या काकांचे 86,800 चुकते करा.

वडीलधारा म्हणाला, "ते अण्णांचं देणं. अण्णा गेले."

"पैसे वरून आले होते आणि ते शेठकडे आले होते, असं निरीक्षकांनी माझ्यासमोर सांगितलं होतं," मी म्हणालो. हे मी पहिल्यांदाच बोललो. नऊ वर्षांपूर्वीच्या बैठकीत बोलायला हवं होतं.

ते उठले. चपला घातल्या. दुसऱ्या दिवशी कळलं की खर्च लिहायला जिल्ह्याहून एक मुलगा आणलाय, अ‍ॅपवर भरण्यात तो तरबेज आहे.

2 डिसेंबरला मतदान झालं. दुसऱ्या दिवशीची मोजणी उच्च न्यायालयाच्या आदेशाने 21 तारखेपर्यंत पुढे गेली. मोजणीपर्यंत अठरा दिवस यंत्रं बंदोबस्तात, आणि अठरा दिवस गावातल्या एकाही मंडपवाल्याचं, वडेवाल्याचं बिल हललं नाही. निकालाआधी कुणी पैसे सोडत नाही. माझ्या ऑफिसाखालचा चहावाला रोज विचारायचा, मोजणी अजून पुढे जाणार नाही ना? त्याचे दोन्ही बाजूंकडे मिळून अकरा हजार अडकले होते.

त्या अठरा दिवसांतल्या एका दुपारी मी निळी वही घेऊन काकांकडे गेलो. धंदा आता मुलगा बघतो. काका अंगणात दोऱ्यांच्या गाठी सोडवत बसले होते. मी वही त्यांच्या हातात दिली. सांगितलं की ही लागेल तिथे दाखवा, शेठकडे, वकिलाकडे, कुठेही. यातलं अक्षर माझं आहे असं मी लिहून देतो. पावतीवरचं अक्षरही माझंच होतं, तेही लिहून देतो. माझ्यावर जे यायचं ते येऊ दे.

ते काही बोलले नाहीत. चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. बोट ओळीवरून सरकत होतं. तारीख, पेठ, कनाती. मध्येच हसले, कुठलीशी सभा पावसात बंद पडली होती ती आठवून. मग चौथ्या पानावर बोट थांबलं.

"इथं खांब बत्तीस लिहिलेत."

"हो."

"शनिवार पेठेत छत्तीस होते. चौकाला उतार आहे. तिकडच्या अंगाला चार जास्तीचे रोवावे लागतात, नाहीतर कनात ओढते."

मी खिशातलं पेन काढलं, बत्तीस खोडलं, वर छत्तीस लिहिलं आणि बाजूला सही केली. त्यांनी ती नीट बघून घेतली. मग घराकडे तोंड करून मुलाला हाक मारली आणि पत्र्याच्या पेटीतली त्यांची स्वतःची वही आणायला सांगितली. ती लाल होती, तिच्या कडा उंदरांनी कुरतडल्या होत्या. दोन्ही वह्या मांडीवर उघड्या ठेवून आम्ही पहिल्या तारखेपासून ताळा लावत बसलो.